स्पॅनिशमधलं गाऱ्हाणं

सरांच्या गायीला मराठी कळत नसे. मालवणीही नाही. तिला ‘ये गो बाय’ म्हणा, ‘चल’ म्हणा, शेपटी पिरगळा, ती आपली ढिम्म. पण ‘बेन अकी, लोला’ म्हटलं की लग्नाला निघाल्यासारखी डुलत यायची. बेन अकी म्हणजे इकडे ये. वासरू होती तेव्हापासून सर तिच्याशी स्पॅनिशशिवाय दुसरं काही बोललेच नाहीत. का, म्हणून विचारलं तर म्हणत, "मग काय करू? गावात मला बोलायला दुसरं आहे कोण?"

एकदा डोळ्याच्या ऑपरेशनला सर पुण्याला गेले आणि लोलाला शेजारच्या वहिनीकडे ठेवून गेले. पहिल्या दिवशी थेंबभर दूध नाही. दुसऱ्या दिवशी तिने चरवी लाथेने उडवली. शेवटी वहिनीने सरांना फोन लावला आणि तो गायीच्या कानाला धरला. तिकडे इस्पितळाच्या खाटेवर डोळ्याला पट्टी बांधून पडलेले सर मोठमोठ्याने स्पॅनिशमध्ये लाडीगोडी लावताहेत, आणि इकडे लोलाने पान्हा सोडला! तिकडच्या नर्सला वाटलं, भूल डोक्यात गेली. ती डॉक्टरांना बोलवायला धावली म्हणे.

ती गाय आता आमच्या गोठ्यात असते. सर केरळात आहेत. सत्तरी उलटल्यावर त्यांच्या मनाने घेतलं की शिकवून पुष्कळ झालं, आता शिकायचं. तिथल्या कुठल्याशा गावात ते मल्याळम शिकताहेत आणि मला मल्याळममधून फोनवर निरोप पाठवतात. मला त्यातलं एक अक्षर कळत नाही. बहुधा म्हणूनच पाठवत असावेत.

आता मी कोण, ते सांगते. मी मालवणातली एक बाई. पन्नाशी कधीच उलटली. घोवाची, म्हणजे नवऱ्याची, एक होडी आहे, घरी चार पर्यटक जेवायला येतात, त्यांना मी सुरमई तळून घालते. लेक एकच, मंजू. ती शिकायला म्हणून गेली स्पेनला आणि तिथल्याच एका भल्या मुलाशी लग्न करून बसली. जावई माणूस सोन्यासारखा. माझी तक्रार जावयाबद्दल नव्हती. माझा जीव अडकला होता नातवात.

मातेओ त्याचं नाव. चार वर्षांचा. दर रविवारी फोनवर दिसायचा. आमच्याकडे बघून काहीतरी भराभर सांगायचा, हातवारे करायचा, खदखदून हसायचा आणि पळून जायचा. मी विचारायची, "मंजू, काय गो म्हणालो तो?" ती बिचारी दिवसभराची दमलेली, हातात त्याचे कपडे. म्हणायची, "काही नाही गं आई, असंच."

असंच! अगो, एवढं पोर एवढं बोलतं, ते असंच कसं असेल? प्रत्येक रविवारी ते ‘असंच’ माझ्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकायचं. पुढच्या मे महिन्यात सगळी इकडे येणार होती. जावई, नातू, विहीणबाईसुद्धा. म्हटलं, मध्ये दुभाषी ठेवून नातवाशी बोलायचं असेल तर आजी होऊन उपयोग काय?

त्यातच कळलं की आमच्या इथल्या कॉलेजात बी.ए.ला स्पॅनिश घेता येतं. पर्यटन वाढतंय, पोरांना नोकऱ्या मिळतील, अशी काहीतरी कल्पना होती. आणि मी तर लग्न ठरलं म्हणून बी.ए. अर्धवट सोडलेली बाई! गेले तडक. खिडकीतल्या क्लार्कने वर न बघताच सांगितलं, "मुलाला पुढे पाठवा, काकू." मी म्हटलं, "मीच मुलगा." तो वर बघून पार मुंबईच्या साहेबासारखा गंभीर झाला आणि आत कुणाला तरी विचारायला गेला.

घरी घोव म्हणाला, "तुका कित्याक होया स्पॅनिश? सुरमई स्पॅनिशमदी तळतलंस?" त्यांच्या मानाने हे फार मोठं भाषण झालं. एरवी घरात त्यांचे शब्द म्हणजे ‘पेज’, ‘मीठ’ आणि ‘वारो पडलो’. माणूस वाईट नाही, पण तोंड म्हणजे बंद शिंपला.

तर कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी सरांना पाहिलं. वर पूर्ण बाह्यांचा कडक इस्त्रीचा शर्ट, खाली हाफ पँट, त्याखाली पॉलिश केलेले काळे बूट आणि बगलेत छत्री. छत्री बाराही महिने. मे महिन्यातही. मूळ गाव विजयदुर्गाकडचं, नोकरी सगळी पुण्यात स्पॅनिश शिकवण्याची, निवृत्त झाल्यावर बायकोच्या माहेरच्या काजूच्या बागेत येऊन राहिले. पुढे बायको गेली. मग गाय आली. कॉलेजात ते हौसेने शिकवायचे.

आल्याआल्या त्यांनी कोरा करकरीत फळा पुसला. रोज पुसायचे. कुणीतरी म्हणालं, "सर, स्वच्छच आहे." ते म्हणाले, "तुम्हाला दिसत नाही, पण त्यावर तुमची भीती लिहिलेली आहे." आणि पुन्हा पुसला.

वर्गात सगळी विशी-एकविशीची पोरं. पहिल्याच तासाला मी सगळ्यांची काकू झाले. सरही मला काकूच म्हणायला लागले. मी म्हटलं, "सर, मी तुमच्यापेक्षा पुष्कळ लहान आहे हो!" ते म्हणाले, "वर्गाची काकू म्हणजे माझीही काकू. वर्गात मी वेगळा कुठे आहे?" 

सर ‘चूक’ हा शब्द वापरत नसत. तुम्ही काहीही बोला, ते म्हणणार, "जवळ आलात." एका पोराने ‘मी विद्यार्थी आहे’ म्हणायच्या ऐवजी ‘मी टेबल आहे’ म्हटलं. "जवळ आलात!" मला एकदा सांगायचं होतं की मी नवऱ्याबरोबर जेवते. त्यातला ‘बरोबर’ माझ्याकडून गळाला आणि ‘मी नवरा जेवते’ असं झालं. सर म्हणाले, "फार जवळ आलात, काकू. पण यजमानांना जपा." ‘मला भूक लागलीय’ला स्पॅनिशमध्ये म्हणतात ‘तेंगो आंब्रे’. वर्गात एक आंब्रे होता. त्याचं वर्षभर कसं वाटोळं झालं असेल, ते तुम्हीच ताडा.

त्यांचं आणखी एक खूळ. भूतकाळ शिकवायचा नाही! पुस्तकात तिसऱ्या धड्यापासून भूतकाळ, आणि सर ती पानं स्टेपलरने बंद करून टाकत. "तुम्ही नातवाला काय सांगणार, काकू? तुमच्या वेळी काय होतं ते? त्याला झोप येईल. त्याला विचारा, आत्ता काय हवंय. माणसाची सगळी मजा ‘हवंय’ मध्ये आहे." म्हणून आम्ही वर्षभर फक्त हवंय, आहे, येतो, खातो आणि दे, एवढंच घोकलं.

पण बोलायचं कसं? तोंड उघडेल तर शपथ! घरात, बाजारात आमच्या माणसांच्या तोंडाला कधी खीळ नसते. पण चारचौघांत परकी भाषा म्हटली की लाज येते ती येतेच. सरांनी सगळे उपाय केले. "चुका, पण मोठ्याने चुका!" हे त्यांचं ब्रीद. एके दिवशी सगळ्या वर्गाला किनाऱ्यावर नेलं. स्वतः छत्री उघडून लांबच्या खडकावर उभे राहिले आणि आम्हाला वाळूत उभं केलं. लाटांवरून त्यांना ऐकू जाईल एवढ्या जोरात आम्ही स्पॅनिशमध्ये स्वतःचं नाव सांगायचं! जाळी सुकवणाऱ्या बायका काम टाकून बघायला लागल्या. एक म्हातारी मला म्हणाली, "काय गो, हो मास्तर पोरांची भुतां उतरयता काय?"

मी ओरडले. नाव सांगितलं. पुढे काय बोलायचं ते गेलं समुद्रात. रविवारी मातेओ पडद्यावर आला, मी ‘होला’ म्हणजे नमस्कार म्हटलं, त्याने काहीतरी विचारलं आणि माझी वाचाच बसली. तो पळून गेला. मंजूला विचारायचीही मला लाज वाटली. त्या दिवशी मी सरांना सांगितलं, "माझ्याच्यानी नाय होणार सर. मी आपली सुरमईच तळते."

सर म्हणाले, "नारळी पौर्णिमेला माझं जेवण तुमच्याकडे. नारळीभात करा. त्यानंतर काय तळायची ती तळा."

आमच्या वाडीत नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देण्याआधी गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी सरळ बोलणं. एकाने घालायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला एकमुखाने ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. घालायचा मान आमच्या घराण्याचा, म्हणजे माझ्या घोवाचा. घरात तीन शब्दांवर दिवस काढणारा हा माणूस किनाऱ्यावर नारळ हातात घेऊन उभा राहिला आणि सुरू झाला:

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां नारळ घेवन तुझ्या दारात इली हत, तेंचो मान करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"दर्यार जातले तेंका सुखरूप घराक हाड. तेंची जाळी भरान येव देत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी कोणाच्या हातसून काय वाकडां झाला आसात, तर तां तूच सरळ करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पोरांच्या परीक्षा, डिझेलचा भाव, कुणाच्या तरी गुडघ्याचं दुखणं, सगळं त्यात आलं. माणूस थांबेना. नारळ पाण्यात पडला तरी सर तिथेच उभे, तोंड उघडं. घरी येऊन ते नारळीभात जेवायला बसले आणि घास हातातच ठेवून ह्यांना विचारू लागले, "तुम्ही हे पाठ केलं होतं?"

"नाय."

"मग पुढचं वाक्य कसं सुचतं?"

घोवाने विचार केला. एवढा विचार करताना मी त्यांना लग्नाच्या वेळीही पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, "लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणतत मां, तेवढ्यात गावता."

सर ताटावरून उठलेच! उष्ट्या हाताने माझ्या स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालायला लागले. "काकू, आपण गाढव आहोत! पुण्यात मी जन्मभर पोरांना एकेकटं उभं करून बोलायला लावलं. एकट्याने कोण बोलेल? इथे वाक्य जरा लंगडलं तरी पन्नास माणसं ‘होय’ म्हणायला उभी आहेत! आणि ती ओरडताहेत तोवर पुढचा शब्द शोधायला सवड आहे! अहो, असली भाषा शिकायची रीत जगात कुठे नसेल!" आणि त्यांनी ह्यांना उष्ट्या हातानेच मिठी मारली. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की ह्या मनुष्याला आधी हात धुवायला सांग.

दुसऱ्या दिवसापासून आमचा वर्ग म्हणजे देऊळ झालं. सरांनी पहिल्याप्रथम मलाच उठवलं. "घाला काकू गाऱ्हाणं. स्पॅनिशमध्ये." आंब्रे म्हणाला, "सर, बायका गाऱ्हाणां घालनत नाय." सर म्हणाले, "स्पॅनिश देवाला हे अजून कुणी सांगितलेलं नाही."

मी जन्मभर गाऱ्हाणं मागे उभं राहून ऐकलेलं. पुढे उभं राहायची पाळी कधी आली नव्हती.  डोळे मिटले आणि म्हटलं, "सेन्योर, दा पेस्कादो." म्हणजे देवा, मासे दे. माझ्या डोक्यात दुसरं काय असणार! आणि सगळा वर्ग, कुणी न सांगता, एका दमात ओरडला, "व्हय म्हाराजा!"

अगो आई गं, काय वाटलं म्हणून सांगू! अंगावर काटा आला. ते ओरडत होते तोवर मला खरंच पुढचं सापडलं. "सेन्योर, दा सालुद." आरोग्य दे. "व्हय म्हाराजा!" मग मी थांबेचना. देवाकडे मी मीठ मागितलं, गॅस सिलिंडर मागितला, निळी साडी मागितली, आंब्रेसाठी बायको मागितली. वर्ग बाकांवर चढून ओरडत होता. एका मुलीने शंका काढली की उत्तरही स्पॅनिशमध्ये ‘सि, सेन्योर’ असं द्यायला नको का? आम्ही करून पाहिलं. काही केल्या जोर येईना. सर म्हणाले, "ते राहू दे मालवणीतच. घसा ज्या भाषेत आपणहून उघडतो, त्याच भाषेत होय म्हणावं."

त्यानंतर सर कुठेही गाऱ्हाणं घालायला लावत. एसटीच्या थांब्यावर, वडापावच्या गाडीवर, एकदा तर बँकेच्या रांगेत. बँकेतल्या बाईंनी पोलिसांना बोलवायची धमकी दिली, तेव्हा सर छत्री टेकून म्हणाले, "जरूर बोलवा, आम्हाला होय म्हणायला माणसं कमीच पडताहेत."

एप्रिलमध्ये तोंडी परीक्षा आली. बाहेरगावाहून परीक्षक बाई आल्या. छान रेशमी साडी, बारीक चष्मा, आवाज साखरेचा. एकेकाला आत बोलावत होत्या आणि बाकीचे आम्ही बाहेर व्हरांड्यात. सर आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त घाबरलेले, छत्री उघडायची, मिटायची. माझं नाव आलं. आत गेले, बसले. बाईंनी गोड हसून स्पॅनिशमध्ये विचारलं, आपल्या कुटुंबाबद्दल सांगा.

सगळं येत होतं हो मला! पण ती शांत खोली, ती एकटी खुर्ची, आणि होय म्हणायला कुणी नाही. माझी पुन्हा वाचा बसली. बाई वाट बघताहेत. शेवटी मी डोळे मिटले, हात जोडले आणि सवयीने सुरू केलं, "सेन्योर! तेंगो उना इखा!" देवा, मला एक लेक आहे!

आणि दाराबाहेरून सगळा व्हरांडा गरजला, "व्हय म्हाराजा!"

परीक्षक बाईंच्या हातातलं पेन उडालं. मी काही थांबते काय! लेक झाली, जावई झाला, नातू झाला, घोव झाला, होडी झाली. प्रत्येक वाक्याला बाहेरून आरोळी. तिसऱ्या आरोळीला वरच्या मजल्यावरून प्राचार्य धावत आले, त्यांना वाटलं मोर्चा आला. "कसल्या मागण्या आहेत तुमच्या? निवेदन आणलंय का?" असं ते विचारत होते आणि आंब्रे शांतपणे त्यांना समजावत होता, "काय नाय सर, काकूची तोंडी चाललीहा."

तोंडीत मला वर्गात सगळ्यात जास्त गुण मिळाले. लेखीत मी साफ नापास झाले, कारण लेखी सगळी भूतकाळावर होती. सर पेढे घेऊन घरी आले. मी म्हटलं, "नापास झाल्याचे पेढे?" ते म्हणाले, "नातू काय तुमची उत्तरपत्रिका वाचणार आहे?" पेढा मी अर्धाच खाल्ला. कारण खरी परीक्षा पुढेच होती, आणि ती कुठल्या वर्गात नव्हती.

मे महिन्यात ती सगळी आली. गाडी दारात थांबली. शेजारपाजार विहीणबाईंना बघायला आधीच कुंपणाला लागलेला. विहीणबाई उंच, गोऱ्या, घामाने लालबुंद झालेल्या, पण चेहरा हसरा. उतरल्याउतरल्या त्यांनी माझे दोन्ही गाल चुंबले आणि काहीतरी इतकं भराभर बोलल्या की मला त्यातलं फक्त ‘कालोर’ कळलं, म्हणजे उकाडा. तो तर मला न सांगताही कळत होता. जावई सामान टाकून सरळ समुद्राकडे गेला. मंजू म्हणाली, "आई, मी आधी अंघोळ करते, नाहीतर मरेन," आणि आत गेली.

आणि मातेओ? गाडीतून उतरला, एवढी माणसं आपल्याकडे टक लावून बघताहेत हे पाहिलं, आणि कुणाला काही कळायच्या आत अंगणात डांबर लावायला उपडी घातलेल्या आमच्या छोट्या होडीखाली घुसला. एक लाल बूट तेवढा बाहेर. विहीणबाईंनी वाकून समजावलं, दटावलं. आतून एकच शब्द, "नो!" त्या हात हलवत ओटीवर जाऊन बसल्या.

मी होडीजवळ गेले. वर्षभर घोकलेलं वाक्य ओठावर आलं. माझ्या सोन्या, मी तुझी आजी. तोंड उघडलं आणि निघालं काय, तर "होला." पुढे काही नाही. लाल बूटही आत गेला.

आणि नेमके तेव्हाच सर आले. बगलेत छत्री, हातात दोरी, दोरीला लोला. "म्हटलं, लोलाला कधी नव्हे ते कुणी बोलायला मिळेल." मला इतकं हायसं वाटलं! मी म्हटलं, "सर, तुम्हीच बोला हो त्याच्याशी. त्याला बाहेर काढा."

सरांनी होडीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग ओटीकडे जाऊन विहीणबाईंना हात जोडले आणि स्वच्छ पुणेरी मराठीत विचारलं, "नमस्कार. प्रवास कसा झाला आपला?" त्या बिचाऱ्या नुसत्याच मान डोलवू लागल्या. स्पॅनिशचा एक शब्द सरांनी उच्चारला नाही! गायीशी बोलणारा माणूस, माझ्या विहिणीशी बोलेना! माझं असं डोकं फिरलं! म्हटलं, "सर, आज नको हो तुमचा चक्रमपणा! माझं पोर आत बसलंय!"

सर माझ्याजवळ आले. वर्षभरात माझ्याशी कधी मालवणी बोलले नव्हते, ते हळूच म्हणाले, "तुमचोच नातू मां? मगे घाला गाऱ्हाणां."

मी डोळे मिटले. एवढ्या गावासमोर, घराण्याचा मान असलेल्या घोवासमोर, उपड्या होडीसमोर हात जोडले.

"सेन्योर! एस्ते निन्यो बिएने दे लेखोस!" देवा, हे पोर लांबून आलंय.

 स्पॅनिश कुणाला कळतंय! पण चाल तर ओळखीची होती. आणि सगळ्यात पहिला आवाज आला तो माझ्या घोवाचा, "व्हय म्हाराजा!" त्यामागून अख्खं कुंपण.

"सेन्योर, तिएने आंब्रे!" त्याला भूक लागलीय.

"व्हय म्हाराजा!"

"सेन्योर, सु आबुएला आब्ला मुई माल!" ह्याची आजी फार वाईट बोलते.

"व्हय म्हाराजा!" हा सगळ्यांत मोठा आला. अर्थ कळला असता तर आणखी मोठा आला असता. होडीखालून फिस्सकन हसू फुटलं. ओटीवर विहीणबाई पोट धरून हसत होत्या. ते हसू ऐकलं आणि माझं रडू आणि पुढचं वाक्य दोन्ही एकदम आलं.

"सेन्योर, पेरो ले किएरे मूचो!" पण ती ह्याच्यावर फार माया करते.

"व्हय म्हाराजा!"

लाल बूट बाहेर आला. मग दुसरा. मग डोकं, डांबराचा डाग लागलेलं. मातेओने त्या सगळ्या माणसांकडे नीट पाहिलं. पोर हुशार, त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही की इथे काहीही म्हटलं तरी सगळा गाव होय म्हणतो! तो होडीवर चढला, माझ्यासारखे हात जोडले आणि ओरडला, "सेन्योर, किएरो एलादो!" देवा, मला आइस्क्रीम हवंय!

"व्हय म्हाराजा!"

त्याचा आनंद काय वर्णावा! मग काय, तोंडाचा पट्टाच सुटला. अंघोळ नको. "व्हय म्हाराजा!" भात नको. "व्हय म्हाराजा!" रात्री गाय माझ्या खोलीत झोपू दे. "व्हय म्हाराजा!" ह्यावेळी विहीणबाईसुद्धा हात उंच करून ओरडल्या. त्याने लोलाला ‘बेन अकी’ म्हटलं आणि ती सरांच्या हाताला हिसका देऊन धावत त्याच्यापाशी गेली. माझा घोव मान खाली घालून डोळे पुसत होता, आणि ओरडतही होता.

आणि मला सगळं कळत होतं. एकूण एक शब्द कळत होता. हवंय, नकोय, दे, येऊ दे. वर्षभर सरांनी दुसरं काही शिकवलंच नव्हतं.

सर माझ्या शेजारी उभे होते. मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी मध्ये छत्री घातली. "उद्यापासून भूतकाळ, काकू," म्हणाले. "आता तुमच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी घडलंय."

मातेओने होडीवरून उडी मारली आणि येऊन माझं बोट धरलं. आइस्क्रीमच्या दुकानाची वाट मी दाखवायची आणि कुठलं घ्यायचं ते त्याने सांगायचं, असं आमचं ठरलं. आम्ही कुंपणाच्या बेड्याशी, फाटकापाशी पोचलो, तेवढ्यात मंजू ओले केस पुसत बाहेर आली.

"आई, एवढा आरडाओरडा कसला गं? काय म्हणत होता तो?"

मी मातेओकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे.

"कायएक नाय गो," मी म्हटलं, "असंच."